कपाटाची उत्तरपूजा

माझे थोरले बंधू कल्याणला एकटे राहत. वहिनी गेल्यापासून त्यांनी आमच्याकडे वर्तकनगरला कायमचे यावे, असे आमचे बोलावणे चालूच होते, आणि त्यांचे उत्तरही ठरलेले असे: "तुमच्याकडे जागा कुठे आहे? उगाच अडचण नको." अखेर चार दिवसांकरिता यायला ते तयार झाले. त्यांच्या येण्याआधी आतली खोली मोकळी केली, म्हणजे हे कारण तरी उरणार नाही, असे सौभाग्यवतीने योजले.

त्या खोलीत भिंतभर एक कपाट होते. प्लायवूड फुगलेले, दारे निखळलेली. घंटागाडी एवढे सामान घेत नाही. भंगारवाल्याने तर पाहून नुसते हात जोडले. शेवटी घरातली अडगळ नेणाऱ्या एका खाजगी सेवेला फोन केला. टेम्पो घेऊन दोन तगडे गृहस्थ आले.

ज्याने आपले ग्रंथ आणि सोवळी इतकी वर्षे सांभाळली, त्याला कृतज्ञतेवाचून घालवणे माझ्या मनाला पटेना. मी हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि सवयीने उत्तरपूजेचा मंत्र म्हटला. त्या मंत्राच्या अखेरीस देवाला पुन्हा येण्याची विनंती असते.

"अहो!" सौभाग्यवती कडाडली. "परत बोलावताय त्याला?"

"काका, उचलू का आता," टेम्पोवाल्यांपैकी एकाने विचारले, "की नैवेद्य बाकी आहे?"

कपाट दारातून आडवे निघाले आणि खालच्या मजल्याच्या वळणावर अडकले. पुढे जाईना, मागे येईना. तेव्हा कुठे मला आठवले की ते जिन्याने कधी वर आलेच नव्हते. सुताराने फळ्या आणून खोलीतच ठोकले होते.

इतक्यात, खोपटला एसटीतून उतरून रिक्षाने निघालेले दादा वेळेआधीच जिन्यात पोहोचले. कपाटाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते, हातात कापडी पिशवी.

"हे सगळं माझ्यासाठी चाललंय का?" त्यांचा चेहरा उतरला. "नको रे. मी आल्या पावली परत जातो."

ते वळलेही. मला उतरून त्यांना अडवता येईना, मध्ये कपाट! सौभाग्यवती कठड्यावरून वाकली. "भाऊजी, खुशाल जा, पण आधी ह्यांचा प्रताप ऐका. कपाटाची उत्तरपूजा केली ह्यांनी!"

दादा थबकले. "मंत्रासकट?"

"मंत्रासकट!"

"मग ते कसलं जातंय!" असे म्हणून दादा हसू लागले, ते पायरीवर टेकून डोळे पुसेपर्यंत हसले. टेम्पोवालेही हसत होते. त्यांनी करवत काढली. एकेक फळी दादांच्या बाजूने खाली गेली आणि वाट मोकळी होताच दादा वर आले.

रिकाम्या खोलीत ते उभे राहिले. "केवढी मोठी आहे रे ही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चारी भिंतींवर घुमला. मग हातातली पिशवी त्यांनी कोपऱ्यात ठेवली. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, तसे लगबगीने खिडकीशी गेले.

"अहो, थांबा! कल्याणला याल का? माझी एक ट्रंक आहे, आणि थोडी पुस्तकं."

"आजोबा, आम्ही सामान न्यायला येतो, आणायला नाही!"

"मग कल्याणहून न्या की!" दादा ओरडले.