सगळ्यांचं एकच लॉगिन

"ताई, मला फक्त नाव सांगा. कोनी बघितलं तेवढं."

मनीषा सिस्टर माझ्या टेबलासमोर उभी होती. मी लॅपटॉपकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

तुळिंजला एक छोटं खाजगी हॉस्पिटल आहे. तिथल्या पेशंटचे रेकॉर्ड क्लाउडवर सुरक्षित ठेवायचं काम माझ्याकडे आहे. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. दूर कुठल्यातरी कुलूपबंद इमारतीत दुसऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर असतात आणि आपण ते इंटरनेटवरून वापरतो. माहिती तिथे सांकेतिक रूपात राहते, म्हणजे कोणी चोरली तरी वाचता येत नाही. हे सगळं चोख होतं. बाहेरचा चोर आत आलाच नव्हता.

मनीषा तिथलीच नर्स, जूचंद्र गावची. तिचं मूल पोटातच गेलं, त्यानंतर झोप उडाली. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या. नोकरीच्याच ठिकाणी उपचार, त्यामुळे रेकॉर्डही तिथेच. नवऱ्याशिवाय तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आणि आता सासूबाईंनी भरल्या ताटावर विचारलं होतं, "वेड्याच्या गोळ्या खातेस म्हने?"

अशा वेळी आम्ही ऑडिट लॉग बघतो. कोणती फाइल कोणी आणि कधी उघडली, याची ती आपोआप होणारी नोंद. मनीषाची फाइल पुन्हा पुन्हा उघडली गेली होती. दर वेळी नाव एकच, डॉक्टरांचं.

"मी? मी कशाला तिची फाइल सारखी उघडीन?" डॉक्टर म्हणाले.

"सर, तुमचं लॉगिन अजून कोण वापरतं?"

"सगळेच वापरतात. तुम्हीच तो ओटीपी लावलात ना? तो येतो माझ्या मोबाइलवर. मी ऑपरेशनला आत गेलो की बाहेर कामं अडतात. म्हणून आत जायच्या आधीच मागवून टाकतो स्टाफच्या ग्रुपवर."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. गुलाबाचं गुड मॉर्निंग, खाली ओटीपी, त्याखाली सगळ्यांचे अंगठे. रोजचंच. मी कपाळावर हातसुद्धा मारला नाही. या धंद्यात तेवढा उत्साह राहत नाही.

खरं तर मी प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं होतं. रिसेप्शनला अपॉइंटमेंट आणि बिल दिसावं, आजार दिसू नये, अशी सोय होती. रिसेप्शनच्या कल्पनाला विचारलं, ते का नाही वापरत?

"त्यात काहीच दिसत नाही हो मॅडम."

दिसू नये म्हणूनच ते केलं होतं, बाई.

मग डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. कोणी कबूल करेना. "मनीषा आपल्या घरचीच आहे ना सर, तब्येत कशी आहे म्हणून बघितलं तर काय बिघडलं?" असं मागून कोणीतरी म्हणालं आणि बऱ्याच माना हलल्या. मला फार चीड आली. त्या माना काळजीनेच हलत होत्या, म्हणून जास्तच.

डॉक्टरांनी पासवर्ड बदलला. ग्रुपवरचा ओटीपी बंद झाला. आता जो तो आपापल्या लॉगिनने काम करतो आणि काम सावकाश होतं म्हणून मला फोनवर शिव्या घालतो. पुढचं सगळं लॉगमध्ये नीट नावानिशी दिसतं. मागचं मात्र कधीच कळणार नाही. आपल्या धंद्यातला धडा एवढाच, की चावी सगळ्यांना वाटली की चोर सापडत नाही.

परवा सिस्टम तपासायला हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा मनीषा ड्युटीवर होती. नोकरी सोडणं तिला परवडणारं नाही. स्टाफरूममध्ये बाकीच्या एकत्र जेवत होत्या, ही बाहेरच्या बाकावर एकटीच. मी जवळ जाऊन बसले.

"नाव कळलं असतं ना ताई," ती म्हणाली, "तर एकीशी बोलनं तोडलं असतं. आता कोनाशीच बोलत नाय."