नाहीतरच्या पुढे

माझी आई नारळ घेताना तो कानाशी हलवायची, नखाने टोकरायची आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे रोखून बघायची. तो स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे. डहाणूच्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवते, त्याचे मालक एक दिवस उत्साहाने सांगू लागले की आता प्रोग्रॅम मराठीतही लिहिता येतात, तेव्हा मी आधी त्यांच्याच तोंडाकडे बघितलं.

कुणा हौशी मुलांनी ती नवी भाषा तयार केली होती. इतकी वर्षं मशीनला इंग्रजी शब्दांत आज्ञा द्यायला मी शिकवत आले. इथे त्याच आज्ञा ‘दाखव’, ‘विचार’, ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’ अशा. तलासरीकडच्या पाड्यांवर याचा छोटासा डेमो दिला की इंग्रजीला घाबरणारी मुलं आपल्याकडे येतील, असं मालकांचं म्हणणं. त्यांना मराठीचा पुळका आला नव्हता, क्लासातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दारावरच्या बोर्डावर त्यांनी ‘नोकरीची हमी’ असं ठोकून दिलं होतंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तरी मी गेले, ते एका मुलीसाठी. तलासरीजवळच्या पाड्यावरची, बारावी झालेली. क्लास कसा असतो ते बघायला म्हणून ती काही दिवस येऊन बसली होती. विचारायची काही नाही, पण घरी जायची वेळ झाली तरी मशीन बंद करायची नाही. मग एकाएकी यायची थांबली. फोन केला तर म्हणाली, आई नको म्हणते. सोमवारपासून उंबरगावकडच्या कंपनीत पॅकिंगला जायचं ठरतंय, गाडी पाड्यावरूनच निघते. मग जरा थांबून तिने विचारलं, आईला एकदा दाखवाल का, हे काय असतं ते? म्हणजे डेमो अख्ख्या पाड्याला असला, तरी निकाल तिची आईच देणार होती.

चारोटीला चहा घेतला आणि मांडीवर प्रोजेक्टर सांभाळत हायवेने पुढे गेले. समाजमंदिरात माणसं आधीच जमली होती, पण अंथरलेल्या सतरंजीवर कुणी बसलं नव्हतं. सगळे भिंतीला टेकून. इथे आधी पाण्याच्या मशीनचा डेमो झाला होता, बियाण्याचा झाला होता, आणि जमीन मोजायला आलेल्यांनीही असाच पडद्यावर नकाशा दाखवला होता. डेमो संपला की अंगठा मागतात, हे लहानथोर सगळ्यांना पाठ. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकून पिणारच. मी तरी कुठे कमी होते? लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा मी पायाला गुंडाळून ठेवला होता.

मुलीची आई दाराजवळ बसली होती. चपला काढलेल्या, पण हातात धरलेल्या, म्हणजे उठून जायला सोपं. तिने मला विचारलं, तुम्ही चिखल्याच्या ना, वाडीवाल्या? मी हो म्हटलं, तिथे आमची चिकूची वाडी आहे. चिकू उतरवायला ती त्या बाजूला येऊन गेलेली असणार. मग तिने हातातल्या चपला आणखी घट्ट धरल्या आणि ते मला आवडलं नाही.

मी सुरुवात केली तीच हात दाखवून अवलक्षण करून. कुठलीही भाषा शिकवताना पहिला प्रोग्रॅम नाव विचारतो आणि त्या नावाला नमस्कार करतो. पडद्यावर अक्षरं आली: तुमचं नाव काय? मी सगळ्यांकडे बघितलं. कुणी नाव सांगेना. मुलगी मागे उभी होती, तिने तोंड उघडलं तेवढ्यात आईने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि तीही गप्प झाली. शेवटी एक म्हातारा म्हणाला, लिहा, पावणा. मी लिहिलं. पडद्यावर आलं: नमस्कार, पावणा. बायका हसल्या, आपसात त्यांच्या बोलीत काही बोलल्या. ती बोली मला अर्धीमुर्धी कळते. जो अर्धा भाग कळला नाही तो माझ्याबद्दलच असणार अशी माझी खात्री झाली. एवढ्यात लाइट गेली, मग आली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

मग मी दुसरा प्रोग्रॅम घेतला. दारात भात वाळत घातलेला होता, तोच विषय केला. पडद्यावर लिहिलं: जर पाऊस आला तर दाखव ‘भात झाका’. आणि पुढच्या ओळीवर, ‘नाहीतर’.

शिकवताना माझी एक पद्धत आहे. हा शब्द आला की मी तो मोठ्याने म्हणते आणि थांबते, म्हणजे पुढचं वाक्य मुलांनी पुरं करावं. क्लासात मुलं करतात. इथेही मी सवयीने म्हटलं, ‘नाहीतर…’ आणि मास्तरणीच्या नजरेने सगळ्यांकडे बघत थांबले.

 पायरीवरचे दोघं उठून उभे राहिले. म्हाताऱ्याने काठी जवळ ओढली. काय झालं ते मला कळेना. मुलीची आई उठली.

‘नायतर काय?’ ती म्हणाली. ‘सही करा, नायतर. उद्या कामावर या, नायतर. मोजणीवाला बोलतो, वाडीवाला पण बोलतो. पुढचं कोण सांगत नाय. मंग आमीच घरी बसून विचार करतो, नायतर काय.’

मला खरं तर रागच आला. इतक्या लांब उन्हातून येऊन धमकी द्यायला मी काय पोलीस आहे? त्या रागात हात कीबोर्डवर आपटला आणि अर्धवट प्रोग्रॅमच चालू झाला. पडद्यावर लाल ओळ उमटली. आता तर भलतंच वाटायचं या लोकांना, म्हणून मी ती पुसायला गेले, तर मागून मुलीने ती मोठ्याने वाचली: ‘नाहीतरच्या पुढे काही लिहिलेलं नाही. हा प्रोग्रॅम चालणार नाही.’

आईने तिला पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘ही मशीन अर्धं नायतर घेत नाय?’

‘नाही घेत,’ मी म्हणाले. ‘पुढे काय होणार ते लिहावंच लागतं.’ या भाषेचा हा कडक नियम मलाही त्याच क्षणी कळला होता, पण तसं मी दाखवलं नाही.

ती खाली बसली. चपला जमिनीवर ठेवल्या.

‘मंग आमचं लिवा. पोर शिकली, काम भेटलं, तर बरं झालं. नायतर?’

मला आमच्या दारावरचा बोर्ड आठवला. ‘नोकरीची हमी’ म्हणणाऱ्या त्या बोर्डाला नाहीतर नव्हतंच. एकाने फोन वर धरला होता. हा माझं बोलणं भरून घेतोय आणि उद्या मलाच ऐकवणार, असंही मनात आलं. मी म्हटलं, नाहीतर काय होईल ते मला माहीत नाही. ते लिहू नका, ती म्हणाली, माहीत नाही असं सगळेच सांगतात. मुलगी खाली मान घालून उभी होती. मालकांना विचारून सांगते असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण त्या मानेकडे बघून ते म्हणवेना. मी लिहिलं: नाहीतर दाखव ‘बाई स्वतः घरी येऊन सांगतील’.

प्रोग्रॅमने विचारलं, काम मिळालं का? आई म्हणाली, ‘नाय.’ तिला तीच बाजू बघायची होती. माझं वाक्य पडद्यावर आलं. तिने ते मुलीकडून वाचून घेतलं आणि मग प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं.

सोमवारी मुलगी डहाणूला आली. नंतरही येत राहिली. कोर्स चांगल्या रीतीने पुरा केला, मराठी शब्द सोडून इंग्रजीवरही गेली, आणि सरावलीच्या एका ऑफिसात मुलाखत देऊन आली. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. मी फोन करत राहिले, ते ताकास तूर लागू देईनात, आणि एक दिवस कळलं की ती खुर्ची कधीच भरली गेली होती. मालक म्हणाले, मुलीला फोनवर सांगून टाका, तो पाड्यावरचा डेमो आता कुणाच्या लक्षात असणार? मलाही तसंच वाटावं असं मला फार वाटत होतं. लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती.

रविवारी मी निघाले. चारोटीला चहा घेतला नाही. वाटेत सबबी जुळवत गेले: ओळख लागते, दिवस वाईट आहेत, तिची चूक नाही. पाड्यावर पोचले तेव्हा मुलीची आई अंगणात भात पाखडत होती. तिने मान वर करून मला बघितलं. माझ्या हातात ना पेढे होते ना लॅपटॉप. काही सांगायची गरजच उरली नाही.

‘नायतर आली गं,’ तिने आत मुलीला हाक मारून सांगितलं. आवाजात राग नव्हता. सूप बाजूला ठेवून ती उठली. ‘एवढी वर्सं नुसतं ऐकलं. नायतर चालत येताना आजच बघितलं.’

मग तिने घरातून खुर्ची आणली, पदराने पुसली.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘आता पुढची ओळ लिवा.’

मुलगी दारात येऊन उभी होती. मी चपला काढल्या आणि बसले.