पेडल मऊ आहे, माझा पाय नव्हे

मंगळवारी सकाळी उद्यमनगरातल्या गॅरेजमधून गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला... पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि गाडी पुढच्या रिक्षामागे वीतभरावर कशीबशी थांबली.

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काय पावणं, माझ्या मागच्या सीटवर येऊन बसताय व्हय?" मी हात जोडले.

गाडी सोळा वर्षं माझ्याकडे आहे. पुढच्या चाकांचे ब्रेक धरून बसायला लागले म्हणून मिस्त्रींकडे दिली होती. चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून आवळून धरतात ते कॅलिपर त्यांनी काढून धुतले, नवे पॅड घालून परत बसवले. देताना पेडल नीट होतं... घेताना त्याची उशी झाली होती.

लहानपणी हातकणंगल्याच्या शाळेत गुरुजी आमच्याकडून कविता चालीवर म्हणून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात... आणि एखाद्यानं एक मात्रा जरी लांबवली तरी सगळ्या वर्गाच्या कानाला टोचायची. वृत्ताचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं, पण चुकलंय एवढं कळायचं. सोळा वर्षं पाठ असलेलं माझं पेडल तसंच एक मात्रा उशिरा येत होतं.

पहिल्या गिअरमध्ये रांगत गाडी परत नेली. मिस्त्रींनी पेडल मऊ करणारी ब्रेक ऑइलमधली हवा काढली, पुन्हा एकदा काढली... पेडल तसंच. मग हात पुसत म्हणाले, "काका, नवे पॅड हायत, बसायला टाइम लागतोय. आणि राग मानू नका, पण तुमच्या पायात आता पयल्यासारखा जोर न्हाय."

गाडी तिथंच ठेवून मुलाला बोलावलं. त्यानं ऑफिसवरून येऊन पेडलवर धडाधड पाच-सहा वेळा पाय मारला. "कडक आहे की, आण्णा." मग माझ्यासमोरच मिस्त्रींना म्हणाला, "किल्ली तुमच्याकडंच राहू दे. आण्णांना देऊ नका. रविवारी गाडीला गिऱ्हाईक घेऊन येतो."

म्हणजे विषय ब्रेकचा उरलाच नव्हता... विषय माझा झाला होता.

दर गुरुवारी मी पेठ वडगावला थोरल्या बहिणीकडे जातो. अक्काला आता दिसत नाही. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकातल्या कविता मी म्हणतो आणि ती चुका काढते, तेवढाच आमचा कार्यक्रम. मुलगा म्हणाला, ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी लावून देतो. ड्रायव्हर बाहेर घड्याळ बघत उभा असताना कविता होत नाहीत, हे त्याला कसं सांगू...

पण एक सांगितलंच. "पायात जोर नसता तर पेडल मला जड लागलं असतं. मला ते मऊ लागतंय. आणि तू पाच वेळा पाय मारलास म्हणून ते कडक झालं. रस्त्यात आडवी आलेली म्हैस पाच वेळा पाय मारेपर्यंत दम धरत नाही." मिस्त्री हसले. मुलगा हसला नाही.

बुधवारी सकाळी नऊला गॅरेजच्या दारात हजर झालो. स्टूल ओढलं, पुढच्या चाकासमोर बसलो. म्हणालो, "चाक काढा. पेडल कडक झाल्याशिवाय मी उठत नाही. डबा आणलाय."

"काका, आंदोलन करायला आलाय व्हय?"

"व्हय."

मिस्त्रींनी चाक काढलं. हवा बाहेर सोडायला कॅलिपरवर एक बारका स्क्रू असतो, तिथं नळी लावायला त्यांनी हात घातला... आणि हात गेला पार खाली, कॅलिपरच्या बुडाशी. मी बघत राहिलो. आडव्या बाटलीतला बुडबुडा कुठं जाऊन बसतो, एवढं विज्ञान आमच्या शाळेतही होतं.

"मिस्त्री, हवा वरच्या बाजूला बसते, आणि तुम्ही दार खाली ठेवलंय. तिनं बाहेर यायचं कुठनं?"

मिस्त्री वाकले. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं. तिथंही स्क्रू खालीच. मग तिथंच फरशीवर बसले. "आयला... डावा उजवीकडं गेलाय की."

दोन्ही कॅलिपर एकाच डब्यात धुवायला टाकले होते, बसवताना अदलाबदल झाली. प्रत्येक वेळी खालून नुसतं ब्रेक ऑइल निघत होतं, आणि हवा वर निवांत बसलेली...

कॅलिपर आपापल्या जागी गेल्यावर मिस्त्रींनी मला सीटवर बसवलं. दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... सोडा. नळीतून बुडबुडे यायला लागले आणि माझ्या ओठांवर नकळत एक जुनी कविता आली. तीन कडवी झाली असतील... पेडल वर आलं ते दगडासारखं. एकदाच दाबलं. तिथंच थांबलं.

यानंतर जे झालं त्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

मिस्त्रींनी आपणहून माझ्या मुलाला फोन लावला. "भाऊ, काकांच्या पायाला काय झालेलं न्हाय. चूक माझी हाय. त्यांनीच शोधून काढली. किल्ली मी त्यांच्या हातात दिलीय, तुमच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगा." पलीकडून "बरं" ऐकू आलं.

चूक करणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली, त्यात मीही आलो. पण ती चूक दुसऱ्याच्या घरी स्वतः फोन करून सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. मिस्त्री, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी आभार.

गुरुवारी वडगावला जाऊन आलो. अक्कानं दोन चुका काढल्या. दोन्ही मान्य.

माझ्या वयाच्या मित्रांनो... आपण "काहीतरी बिघडलंय" म्हटलं, की घरचे आधी आपल्याला तपासायला घेतात. ऐकून घेऊ नका. स्टूल घ्या, डबा घ्या, समोर बसा. आधी गाडी तपासा म्हणावं... मग मला.