मामांची लाकडं

मृत्यूवर विजय मिळवणे हे मानवाचे सर्वोच्च ध्येय आहे. हे वाक्य मी भोरमध्ये, मामांच्या नव्वदीच्या सत्कारात बोललो. माणूस लवकरच दीडशे वर्षे जगेल, असेही ठोकून दिले. टाळ्या पडल्या. शाल अंगावर घेऊन मामा पेंगत होते.

मामा वेल्ह्याकडच्या डोंगरातले. तिकडे पावसाच्या चार महिन्यांत कोरडे लाकूड मिळत नाही, म्हणून म्हातारी माणसे आपल्या सरणाची लाकडे उन्हाळ्यातच पडवीत रचून ठेवतात. मामांनी पंच्याहत्तरीला रचली. त्या आषाढात त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार गेला. त्याची मुले मागायला आली, मामांनी दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रचली. ती धाकट्या भावाला लागली. तिसऱ्यांदा रचलेली थोरल्या मुलाला. ती काढताना मामांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर पडवी रिकामीच होती. घरात सून एकटी, नातू पुण्याला.

सत्कारानंतर मी त्यांना जीपमध्ये बसवत होतो. तेव्हा ते म्हणाले, "दीडशे म्हंतोस व्हय? मग माजी लाकडं आनि कुनाकुनाला पुरवायची म्या?"

मी हसलो. भाषण कुणीतरी ऐकले होते तर.

"ह्या उन्हाळ्यात ये," ते म्हणाले. "आता एकट्याला रचवत न्हाई."

येतो म्हणालो. त्या उन्हाळ्यात एक लग्न निघाले, मग गुडघा दुखला. पुढच्या उन्हाळ्याचे कारण आता आठवतही नाही. फोनवर मामा एकदाच विचारत, मग पिकापाण्याचे बोलत. खरे सांगायचे तर मला घाई वाटलीच नाही. इतकी वर्षे असलेला माणूस पुढेही असणार, असे मी धरून चाललो होतो. दीडशे वर्षांचे आयुष्य मिळाले, तर आपण एकमेकांना किती उन्हाळे टाळू, हे माझ्या भाषणात नव्हते.

मामा श्रावणात गेले. बाहेर धो धो पाऊस. शेजारच्या म्हातारबांनी न मागता आपली लाकडे दिली. त्यांच्या पडवीतून ती काढताना माझ्याकडे कुणी पाहिले नाही, आणि तेच जास्त लागले.

चैत्रात मी जाऊन म्हातारबांची लाकडे भरून दिली. तोडलेली विकत मिळाली, फक्त रचायची होती. अर्धा दिवस लागला.