शिवेचा म्हसोबा आणि आईची वाट

आमचं घर हायवेच्या अलीकडे, गोठा आणि गवताचं रान पलीकडे. हायवे चौपदरी झाला आणि मधे कमरेएवढा दुभाजक आला. तेव्हापासून आई तो रोज चढते. आधी भारा वर ठेवते, मग पदर खोचून स्वतः. दोन्हीकडून ट्रक हॉर्न वाजवत जातात.

घरातला पहिला पदवीधर मी. अर्ज कसा लिहावा हे जुन्नरच्या कॉलेजातल्या सरांनी शिकवलं, त्यांचे उपकार आजही मानतो. माणसं-गुरं जाण्यापुरता भुयारी रस्ता मागणारा अर्ज मीच लिहिला. हायवेच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "जागा ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिचा ठराव जोडा."

तिथंच अडलं. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, शेजारचं जुन्नर तालुक्यात आणि शीव आमच्या रानापाशी. तिथं पेट्रोलपंप झाल्यापासून त्याच्या करासाठी तो तुकडा दोन्ही गावांना हवा आहे. दोघांनीही हौसेनं ठराव दिले, दोन्हींत 'आमच्या हद्दीत'. साहेबांनी दोन्ही परत केले.

शेवटी शीव नक्की कुठं ते ठरवायला दोन्ही सरपंच माणसं घेऊन रस्त्याकडेला जमले. पोळ्याला दोन्ही गावांचे बैल शिवेवरच्या म्हसोबापर्यंत येऊन माघारी वळायचे. म्हणजे म्हसोबा तिथं शीव. पण म्हसोबा जागेवर नव्हता.

"जेसीबी आला व्हता," वडील म्हणाले. "देव चिरडंल म्हणून पलीकडं आपल्या बांधावर नेऊन ठेवला. रोज निवद दावतो की."

"भाऊ, तुमी देव न्हाई, आमची शीवच उचलली राव!" शेजारचे सरपंच ओरडले.

"देव गेला तिथं शीव गेली," आमचे सरपंच खुशीत म्हणाले.

वडिलांनी बोट करून मूळ जागा दाखवली. ती बरोबर दुभाजकात निघाली. मी म्हटलं, "मग जागा दोघांची. एकाच अर्जावर दोघांनी सह्या करा."

"वरची सही कुणाची?" दोन्ही सरपंचांनी एकदम विचारलं.

यावर तासभर गेला. तेवढ्यात पलीकडून आई आली. भारा दुभाजकावर टेकवून तिनं हाक मारली, "अहो पावणं, धरा की कुणीतरी!"

दोन्ही सरपंच हात दाखवून गाड्या थांबवत धावले. एकानं भारा घेतला, दुसऱ्यानं आईला हात दिला. तिघं धापा टाकत कडेला आले. आता तरी, म्हणून मी अर्ज आणि पेन पुढं केलं.

"हां," भारा खाली ठेवत आमचे सरपंच म्हणाले, "तर वरची सही आमची."