फळीवरची डबी

भवानी पेठेत आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्यांना सगळं विचारून करायची सवय. दारात दोरी बांधायची तरी, "ताई, चालतंय न्हवं?" मी वैतागून "चालतंय की" म्हटलं की मगच हलायच्या. संध्याकाळी पानांनी चिरलेल्या बोटांना पेट्रोलियम जेली चोळत उंबऱ्यावर बसायच्या.

मग त्यांच्या मालकांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलं. मशीनच्या हवेनं त्यांचे ओठ सुकून फुटले. मावशी जेलीची डबी घेऊन पुढं झाल्या, तर तपासायला आलेल्या नर्सबाईंनी अडवलं. "ही खनिज तेलाची आणि मेणाची असते. ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकते. ओला कापूस फिरवा."

तेव्हापासून डबी फळीवर गेली; मावशींनी स्वतःच्या बोटांनाही जेली लावली नाही. "ह्येच हात त्यांच्या तोंडाला लागत्यात की," म्हणायच्या.

मालक गेले त्या सकाळी मशीन बंद केलं आणि खोली एकदम गप्प झाली. मावशींनी फळीवरची डबी काढली. भेगाळलेल्या बोटानं मालकांच्या ओठांवर हळूहळू जेली फिरवली. मी दारातच उभी होते. माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या,

"आता चालतंय की."