गप्पी उपाशीच बरे

तुमच्या पाण्याच्या टाकीत शेवटचं कधी डोकावलात? आठवतही नसेल. मासेवाला रोज डोकावतो, तेही दुसऱ्यांच्या टाक्यांत. आरोग्य खात्यातला हंगामी कामगार. एका हातात डबा, दुसऱ्यात जाळी. डब्यात गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढा जीव, पण डासाची अळी दिसली की तुटून पडतो. बावीस वर्षं हेच काम. साहेब आले नि गेले, हा हंगामी तो हंगामीच.

यंदा डेंगीने त्याच्याच लेकीला गाठलं. नऊ वर्षांची पोर, अंग तव्यासारखं तापलेलं. रक्तातल्या प्लेटलेट रोज खाली.

"घराजवळ पाणी साठलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या हौदात गप्पी आहेत, मी स्वतः सोडलेत!" तो त्यांच्यावरच उखडला.

दुपारी तणतणत घरी आला आणि अंगणातल्या सामाईक हौदाचं झाकण उचललं. गप्पी होते की! पोटं टम्म, सुस्त. अळ्या त्यांच्या नाकासमोर खुशाल वळवळत होत्या. कडेला पावाचा चुरा तरंगत होता.

"कोण घालतंय यांना खायला?"

"मी रे," आई दारातून म्हणाली. "मुके जीव बिचारे. तू सोडून मोकळा झालास, पोटाचं कोण बघणार? सकाळ-संध्याकाळ मूठभर टाकते. बघ कसं बाळसं धरलंय!"

"अगं आई, उपाशीच ठेवायचे असतात ते! पोट भरल्यावर अळीच्या वाटेला कशाला जातील?"

"मग सांगायचंस ना! गावभर घसा फोडत फिरतोस, घरात मात्र तोंडाला कुलूप."

हजारो दारांत त्याने हेच घोकलं होतं, माझ्याच घरात काय सांगायचं, या तोऱ्यात आपल्या उंबऱ्यावर एकदाही नाही. जाळी घेऊन तो अळ्या उपसत सुटला. निम्म्या निसटत होत्या.

आई पायरीवर मटकन बसली. "पोर वाचेल ना रे?"

तो उपसतच राहिला. लेक अजून दवाखान्यातच आहे. आज सकाळी प्लेटलेट आणखी घसरल्या.

तुमच्या हौदातही कुणीतरी मायेने चुरा टाकत असेल. हात जोडून सांगते, आत्ता उठा, झाकण उघडा, आणि तो हात धरा.